रात्री ट्यूब ओढतात, सकाळी उठत नाहीत: आयसीयूत सेडेशन किती द्यायचं आणि मोजायचं कसं?

तालुक्याच्या गावी लहानशा आयसीयूत रात्रपाळी करणाऱ्या एका सिस्टरनी सेडेशनबद्दल, म्हणजे औषधाने पेशंटला झोपवून शांत ठेवण्याबद्दल, विचारलेला प्रश्न थोडक्यात असा:

"५८ वर्षांचे पेशंट, जुना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट, धाप लागणारा आजार), त्यात न्यूमोनिया. व्हेंटिलेटरवर तिसरा दिवस. वजन ६० किलोच्या आसपास, क्रिएटिनिन २.४. रात्री हातपाय झाडतात, ट्यूबकडे हात नेतात. डॉक्टरांना फोन केला की 'मिडाझ (मिडाझोलाम, झोपेचं औषध) वाढवा' असं सांगतात. ताशी २ एमएलवरून ६ एमएलपर्यंत गेलो. सकाळी राउंडला मोठे सर विचारतात, पेशंट उठत का नाही, सीटी करून घ्यायचा का? नक्की किती झोपवायचं आणि ते ठरवायचं कसं?"

सिस्टर, सीटीसाठी शहरात पाठवण्याआधी चार गोष्टी बघून घ्या. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, दुखेल असं दाबल्यावर दोन्ही बाजूंचे हातपाय सारखे हलतात का, शुगर किती आहे आणि एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) कार्बन डायऑक्साइड किती आहे. एक बाजू हलत नसेल किंवा बाहुल्यांत फरक असेल तर वाट बघू नका, सीटी लगेच. पण हे चारही ठीक असेल तर पहिला संशय पंपावर घ्या. सिरिंज १ एमएलला १ मिलिग्रॅम अशी भरली असेल, तर ताशी ६ एमएल म्हणजे ६० किलोच्या माणसाला किलोमागे ताशी ०.१ मिलिग्रॅम. नेहमीच्या मात्रेचं हे वरचं टोक. दिवसभर चाललं तर १४४ मिलिग्रॅम. मिडाझोलाम यकृतात मोडतं, पण मोडल्यावर तयार होणारं द्रव्यही झोप आणतं आणि ते बाहेर पडतं मूत्रपिंडातून. तुमच्या पेशंटची मूत्रपिंडं आधीच मागे पडली आहेत, क्रिएटिनिन २.४ म्हणजे तेच. शिवाय दोन-तीन दिवस सलग दिलेलं मिडाझ चरबीत भरून राहतं आणि पंप बंद केल्यावर हळूहळू परत रक्तात येतं. म्हणून सकाळी सातला पंप बंद करून नऊच्या राउंडला जागे व्हावेत ही अपेक्षा चुकीची आहे. संध्याकाळ होईल, कदाचित दुसरा दिवसही उजाडेल.

एक गोष्ट आत्ताच जाऊन तपासा. मिडाझोलाम १ एमएलला १ मिलिग्रॅम आणि १ एमएलला ५ मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळतं. रात्री स्टोअरमधून वेगळी व्हायल आली आणि सिरिंज नेहमीच्याच सवयीने भरली गेली, तर पंपावरचा ६ हा आकडा तोच राहतो आणि मात्रा पाचपट होते. सिरिंजवर औषधाचं नाव, एकूण मिलिग्रॅम, एकूण एमएल, भरल्याची वेळ आणि सही असलेलं लेबल हवंच.

लवकर उठवायला म्हणून मिडाझचा परिणाम उलटवणारं फ्लुमाझेनिल मारायचा मोह होतो. नको. त्याचा परिणाम मिडाझच्या आधी संपतो, पेशंट पुन्हा झोपतो, आणि झटके येण्याचा धोका वेगळाच.

आता मूळ मुद्दा. "मिडाझ ३ एमएल, गरजेप्रमाणे वाढवा" अशी ऑर्डर लिहिली जाते तिथेच गडबड सुरू होते, कारण गरज कशाला म्हणायची हे कोणीच लिहिलेलं नसतं. मग ती ज्याची पाळी असेल त्याच्या अंदाजावर जाते. सेडेशनची ऑर्डर पेशंट कसा असायला हवा याची असावी: "रास शून्य ते उणे दोन ठेवा, त्यासाठी अमुक औषध अमुक ते अमुक दराने." तुमच्या डॉक्टरांना रोज राउंडला विचारा, "सर, आज टार्गेट काय?" हा प्रश्न विचारणं तुमच्या कामाचाच भाग आहे, त्यात संकोच नको.

रास म्हणजे रिचमंड अ‍ॅजिटेशन-सेडेशन स्केल. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात ती तयार झाली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या चार्टवर रॅमसे स्केल छापलेली दिसेल, ती १९७४ ची. तिच्यात झोपेच्या पायऱ्या नीट आहेत, पण बेचैनीला एकच खाना. चुळबुळ करणारा आणि सिस्टरना लाथ मारणारा दोघेही एकातच. तुमचा प्रश्न बेचैनीचाच आहे, म्हणून रास वापरा.

करायची पद्धत ठरलेली आहे आणि क्रम बदलायचा नाही. आधी हात न लावता अर्धा मिनिट नुसतं बघायचं. शांत आणि जागा असेल तर शून्य. अस्वस्थ पण आक्रमक नाही तर अधिक एक. सतत निरर्थक हालचाल किंवा व्हेंटिलेटरशी झगडणं, अधिक दोन. ट्यूब, कॅथेटर ओढणं, अधिक तीन. मारायला उठणं, अधिक चार. जागा नसेल तर नावाने हाक मारायची, डोळे उघडून माझ्याकडे बघा असं सांगायचं. १० सेकंदांहून जास्त नजर देऊन राहिला तर उणे एक. नजर दिली पण १० सेकंदांच्या आत सुटली तर उणे दोन. हाकेला हलला, डोळेही उघडले असतील, पण नजर दिली नाही तर उणे तीन. हाकेने काहीच झालं नाही तर खांदा हलवायचा, तरी नाही तर छातीच्या हाडावर चोळायचं. हालचाल झाली तर उणे चार, काहीच नाही तर उणे पाच. बहुतेक सगळ्या व्हेंटिलेटरच्या पेशंटना शून्य ते उणे दोन पुरतं. अमेरिकन क्रिटिकल केअर सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही हलक्या सेडेशनच्याच बाजूने आहेत.

हाक कोणत्या भाषेत मारताय याला फार महत्त्व आहे. "ओपन युअर आइज" ऐकून डोळे न उघडणारे आजोबा, मुलीने "नाना, इकडं बघा की" म्हटल्यावर टक्क बघतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. नंदुरबारकडचा भिली बोलणारा किंवा मेळघाटातला कोरकू बोलणारा पेशंट असेल, तर नातेवाइकांकडून "डोळे उघडा", "हात दाबा", "दुखतंय का" एवढे तीन शब्दप्रयोग लिहून घ्या आणि बेडच्या डोक्याशी चिकटवा. घरात त्यांना काय म्हणतात तेही विचारा. कार्डावरचं नाव आणि घरचं नाव यांत अंतर असतं. भाषा कळली नाही म्हणून "कमांड पाळत नाही" अशी नोंद झाली, तर पुढचे सगळे निर्णय चुकतात: ट्यूब काढायला उशीर, नको ते सीटी, नको ती काळजी.

कानाचं मशीन आणि चष्मा कपाटात पिशवीत पडलेला असतो, तोही लावून बघा.

रास झाली की दुखणं मोजा, आणि हे पंपाला हात लावायच्या आधी. ट्यूब घशात, जागोजागी सुया, पाठीला बेडसोर सुरू होतोय, दोन दिवस पोट साफ नाही. मिडाझोलाम आणि प्रोपोफॉल ही झोपेची दोन्ही औषधं वेदना कमी करत नाहीत, फक्त ती सांगण्याची ताकद काढून घेतात. हे मला अतिशय महत्त्वाचं वाटतं. दुखणाऱ्या माणसाला नुसतं झोपवणं म्हणजे त्याला गप्प करणं.

बोलता येत नसलेल्या पेशंटसाठी सीपॉट ही वेदना मोजायची पट्टी वापरा. चार गोष्टी बघायच्या: चेहरा, शरीराची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणं. प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण आठ. तीन किंवा जास्त आले तर वेदनेचा उपचार आधी. चेहरा कसा बघायचा? भुवया आवळलेल्या, डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर आठ्या. ताठरपणासाठी कोपर हलक्या हाताने वाकवून सरळ करा. विरोध होतोय का ते हाताला कळतं. सक्शनच्या (ट्यूबमधला कफ ओढून काढण्याच्या) आधी आणि कूस बदलताना असे दोनदा मोजलंत तर फरक लक्षात येतो. नुसत्या नाडी-बीपीवर विसंबू नका. तापाने, अ‍ॅड्रेनॅलिनने, पाणी कमी पडल्यानेही नाडी वाढते.

वेदनेसाठी पहिली पसंती फेंटानिल, साधारण ताशी २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात. मॉर्फिन तुमच्या पेशंटला नको, त्याचे उरलेले घटक मूत्रपिंड बिघडलेल्यांत साचतात. लहान गावातली अडचण मला माहीत आहे: फेंटानिल अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर फेंटानिल, मॉर्फिन यांसारख्या सहा औषधांसाठी नियम सोपे झाले, रुग्णालयाला मान्यता घेऊन ती ठेवता येतात; तरी कागदपत्रं, कुलूपबंद कपाट आणि रजिस्टर नको म्हणून अनेक ठिकाणी ती ठेवतच नाहीत. तुमच्या व्यवस्थापनाकडे हा विषय लावून धरा. तोवर शिरेतून पॅरासिटामॉल वेळच्या वेळी द्या, ५० किलोच्या वरच्या माणसाला १ ग्रॅम, यकृत ठीक असेल तर. ट्रामाडोल अनेक जण वापरतात, पण मूत्रपिंड बिघडलेल्यात आणि झटक्यांचा इतिहास असलेल्यात ते जपून.

आता बेचैनी. ती दिसली की कारण शोधायचं, आणि ते शोधायला पाच मिनिटं पुरतात. ऑक्सिजन किती? ट्यूब किती सेंटिमीटरवर होती आणि आता किती आहे, खाली सरकून उजव्या फुफ्फुसात गेली का? दोन्हीकडे हवा जाते का? ट्यूबमध्ये कफ अडकला का? युरिन बॅग दोन तास रिकामी आहे का? तुंबलेल्या कॅथेटरने फुगलेलं मूत्राशय हे रात्रीच्या बेचैनीचं अगदी नेहमीचं कारण, आणि पोटावर हात ठेवला की कळतं. शुगर, ताप, आयव्ही (सलाइन) शिरेबाहेर जाऊन सुजलेला हात. एवढं बघितल्यावरच फोन.

तुमच्या पेशंटमध्ये मी सगळ्यात आधी व्हेंटिलेटरचा ग्राफ बघेन. सीओपीडीत हवा आत जाते पण बाहेर पडायला वेळ लागतो. रेट (मिनिटाला श्वास) १८-२० ठेवलेला असेल तर आधीचा श्वास पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा आत ढकलला जातो आणि छातीत हवा कोंडते. फ्लोच्या (हवेच्या प्रवाहाच्या) ग्राफवर खालची रेष शून्यावर परत येण्याआधीच पुढचा श्वास सुरू होताना दिसेल. अशा माणसाला नवा श्वास घ्यायला जिवाचा आटापिटा करावा लागतो. छाती उचलते, पोट आत जातं, पण मशीनला ते कळतच नाही आणि श्वास मिळत नाही. त्या अवस्थेत कोणीही हातपाय झाडेल. यावर इलाज म्हणजे रेट कमी करणं, श्वास आत जाण्याचा वेळ कमी करणं, नेब्युलायझेशन, सक्शन. याच पेशंटचं बीपी अचानक कोसळलं तर सर्किट (व्हेंटिलेटरच्या नळ्या) काही सेकंद ट्यूबपासून सोडून कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्या. बीपी वर आलं तर निदान झालं. तरीही सुधारलं नाही आणि एका बाजूला हवा ऐकू येत नसेल तर न्यूमोथोरॅक्सचा (फुफ्फुसाबाहेर हवा साचून फुफ्फुस मिटण्याचा) विचार करा. इथे मिडाझ वाढवलं तर पेशंट शांत दिसेल आणि छातीतली हवा तशीच कोंडलेली राहील.

दुसरा प्रश्न नातेवाइकांना, आणि तो बाजूला घेऊन, कमीपणा वाटणार नाही अशा रीतीने: दारू किती, रोज की अधूनमधून, शेवटची कधी? रोजची सवय तुटली की पहिल्या दिवसातच थरथर, घाम सुरू होतो आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डिलिरियम ट्रेमेन्स (दारू तुटल्यावरचा भ्रम आणि थरकाप) होऊ शकतो. तुमच्या पेशंटचा तिसराच दिवस चाललाय. उत्तर "रोज" असं आलं तर सगळं गणित बदलतं: तेव्हा मिडाझ, लोराझेपाम ही योग्य औषधं आहेत, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यायचं. तंबाखू आणि मिश्रीचंही विचारा. चाळीस वर्षं दिवसातून चारदा मिश्री लावणाऱ्या आजींची सवय आयसीयूच्या दारात एकदम तुटते, त्याची अस्वस्थता असते. ती लक्षात असली की निदान औषधांचा मारा थांबतो.

मग फोन असा करा: "सर, बेड चार. रास अधिक दोन, सीपॉट पाच. ऑक्सिजन ९४, ट्यूब २२ वरच आहे, हवा दोन्हीकडे सारखी, लघवी व्यवस्थित, शुगर १४०. एक्स्पायरेटरी फ्लो शून्यावर येत नाहीये, रेट २० आहे. दारू नाही. रेट कमी करून बघू का, आणि दुखण्यासाठी काय देऊ?" असं सांगितल्यावर पलीकडून नुसतं "मिडाझ वाढवा" येणं अवघड होतं. "पेशंट खूप त्रास देतोय सर" म्हटलं की तेच उत्तर येणार, कारण पलीकडच्या झोपेतून उठलेल्या माणसाला दुसरं काही दिसतच नसतं.

हे सगळं करूनही सेडेशन लागलं तर कोणतं? ज्या पेशंटला एक-दोन दिवसांत ट्यूबवरून सोडवायचं आहे त्याला मी प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन देतो. प्रोपोफॉल लवकर चढतं, लवकर उतरतं, पण बीपी पाडतं. ६० किलोला मिनिटाला किलोमागे ३० मायक्रोग्रॅम म्हणजे १ टक्का प्रोपोफॉल ताशी १०.८ एमएल. किलोमागे ताशी ४ मिलिग्रॅम, म्हणजे याच माणसाला ताशी २४ एमएल, ही मर्यादा दोन दिवसांच्या वर ओलांडू नका. प्रोपोफॉल इन्फ्युजन सिंड्रोम क्वचित होतो, पण जीव घेतो: न उलगडणारा अ‍ॅसिडोसिस, सीपीके (स्नायूंना इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं, ट्रायग्लिसराइड वाढलेले, लघवी गडद, नाडी मंदावलेली. ते तेलात असतं, १ एमएलमागे १.१ कॅलरी, आहारतज्ज्ञांना कळवा. आणि जंतू त्यात झपाट्याने वाढतात, म्हणून बाटली आणि ट्यूबिंग १२ तासांनी बदलायचंच, कितीही उरलेलं असो.

डेक्समेडेटोमिडिनमध्ये पेशंट झोपलेला असतो पण हाकेला उठतो, श्वास फारसा दबत नाही, वेदनाही थोडी कमी होते. २०० मायक्रोग्रॅमची व्हायल ५० एमएलमध्ये केली की १ एमएलला ४ मायक्रोग्रॅम. ६० किलोला किलोमागे ताशी ०.५ म्हणजे ताशी ७.५ एमएल. लोडिंग डोस (सुरुवातीचा एकदम मोठा डोस) आयसीयूत मी देत नाही; नाडी आणि बीपी दोन्ही पडतात. लगेच परिणाम दिसला नाही म्हणून निराश होऊ नका, याला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. खोल झोपेसाठी मात्र ते पुरत नाही आणि झटके थांबवत नाही. ते रामबाण आहे असंही समजू नका. २०१९ मधल्या स्पाइस-३ या ४००० पेशंटच्या चाचणीत सुरुवातीपासून हे औषध दिल्याने ९० दिवसांतल्या मृत्यूंत फरक पडला नाही, आणि कमी वयाच्या पेशंटमध्ये ते जपून वापरावं असा इशारा त्यातून निघाला.

दोन्ही परवडत नसतील तर मिडाझच, पण सलग इन्फ्युजनऐवजी १-२ मिलिग्रॅमचे बोलस (एकेका वेळचे छोटे डोस), प्रत्येकाच्या आधी आणि नंतर रास. स्वस्त औषध वाईट नसतं. मोजमापाशिवाय चालू राहिलेलं औषध वाईट.

खोल सेडेशन कधी? गंभीर एआरडीएसमध्ये (फुफ्फुसं सुजून त्यांत पाणी भरतं त्या आजारात) पेशंट पालथा घातलाय आणि स्नायू शिथिल करणारं औषध चालू आहे, डोक्यातला दाब वाढलाय, झटके थांबत नाहीत, धनुर्वात आहे. अशा वेळी उणे चार-पाच मुद्दाम ठेवतात, आणि कारण रोज लिहितात. बाकीच्यांत खोल सेडेशन महागात पडतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २०१२ च्या अभ्यासात पहिल्या ४८ तासांत खोल झोपवलेल्यांची ट्यूब उशिरा निघाली आणि मृत्यूंचं प्रमाणही जास्त आढळलं. गंभीर पेशंट जास्त झोपवले गेले असतील ही शंका रास्त आहे, पण संशोधकांनी आजाराच्या तीव्रतेचा हिशेब धरूनही संबंध उरला.

अ‍ॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम ही स्नायू शिथिल करणारी औषधं चालू असताना रासला काही अर्थ राहत नाही. पेशंट हलणारच नाही, जागा असला तरी. म्हणून स्नायू शिथिल करायच्या आधी झोप आणि वेदनाशमन पक्कं करायचं, आणि शिथिल करणारं औषध पूर्ण उतरल्याशिवाय झोपेचं औषध कमी करायचं नाही. नाडी-बीपी अचानक वाढली, डोळ्यांतून पाणी आलं, तर तो जागा आहे असंच धरा.

याच ओघात मण्यार चावलेल्या पेशंटबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण असे पेशंट आपल्याकडेच येतात, पावसाळ्यात तर नेहमी. मण्यारीच्या विषाने पापण्या उघडत नाहीत, हातपाय हलत नाहीत, कधी बाहुल्याही मोठ्या होऊन उजेडाला आकसत नाहीत. रास उणे पाच, जीसीएस (शुद्ध मोजणारी दुसरी पट्टी) तीन, आणि कोणीतरी बेडशेजारीच म्हणतं, "मेंदू गेलाय बहुतेक." तो माणूस हे सगळं ऐकत असतो. बरे झाल्यावर असे पेशंट बेडशेजारचं बोलणं शब्दशः सांगतात. गिलियन-बारे (नसा कमजोर होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) झालेल्यांचं, आणि कीटकनाशकाच्या विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत अशक्तपणा येणाऱ्यांचंही असंच. त्यांच्यासमोर जपून बोला, प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा, पापणी वर धरून तुमचा चेहरा दाखवा. आणि ट्यूबचा त्रास त्यांनाही होतो, तेव्हा हलकं सेडेशन आणि वेदनाशामक द्या. कीटकनाशकाच्या पेशंटची बेचैनी मात्र आधी त्या विषावर दिलं जाणारं अ‍ॅट्रोपिन जास्त झाल्याची आहे का बघा: अंग कोरडं तापलेलं, नाडी धावतेय, आतड्यांचा आवाज बंद. तिथे उपाय अ‍ॅट्रोपिन कमी करण्याचा.

आता रोज सकाळी औषध थांबवण्याबद्दल. शिकागोतल्या क्रेस आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये १२८ पेशंटवर हे करून पाहिलं. रोज एकदा सेडेशन बंद करून पेशंट जागा होऊ दिलेल्यांचा व्हेंटिलेटरचा काळ ४.९ दिवस, इतरांचा ७.३ दिवस. आणखी एक आकडा तुमच्या सरांना जरूर सांगा: शुद्धीत फरक वाटतो म्हणून डोक्याच्या तपासण्या पहिल्या गटात ९ टक्क्यांच्या कराव्या लागल्या, दुसऱ्यात २७ टक्क्यांच्या. २००८ मध्ये ३३६ पेशंटवरच्या चाचणीत औषध थांबवणं आणि लगेच स्वतःच्या श्वासाची चाचणी घेणं हे जोडून केलं, त्यात व्हेंटिलेटरचे दिवस तर वाचलेच, वर्षभरानंतर जिवंत राहणाऱ्यांची संख्याही वाढली. पेशंटने स्वतःच ट्यूब ओढून काढण्याचे प्रकार त्यात जास्त झाले, हे खरं. पण पुन्हा ट्यूब घालावी लागणाऱ्यांची संख्या तितकी वाढली नाही. पुढे २०१२ मधल्या एका चाचणीत असं दिसलं की मोजून हलकं सेडेशन ठेवलं असेल तर रोज थांबवण्याने वेगळा फायदा होत नाही. म्हणून दोन्हींतलं जे तुमच्याकडे नेमाने होईल ते करा. लहान युनिटमध्ये रोज एक ठरलेली वेळ पाळणं जास्त सोपं जातं.

वेळ दिवसपाळीची ठेवा, माणसं हाताशी असताना. झटके, दारूची माघार, स्नायू शिथिल करणारं औषध, गेल्या २४ तासांत हार्टचा त्रास, डोक्यातला वाढलेला दाब यांपैकी काही असेल तर थांबवू नका. वेदनेचं औषध गरज असेल तर चालू राहू द्या. बेडपाशी कोणीतरी उभं हवं. श्वास ३५ च्या वर किंवा ऑक्सिजन ८८ च्या खाली पाच मिनिटं राहिला, नाडी अनियमित झाली, बेचैनी आवरेना, तर पुन्हा सुरू करा, पण आधीच्या निम्म्या दराने. निम्म्याची ही पायरी विसरली जाते आणि पेशंट पुन्हा जुन्या दरावर जातो.

जागा झाल्यावर गोंधळलेला असेल तर डिलिरियम (आजारपणात अचानक येणारा मनाचा गोंधळ) तपासा. रास उणे तीन किंवा वर असली की कॅम-आयसीयू ही त्याची चाचणी करता येते. लक्ष टिकतं का हे बघायला दहा अक्षरं एकेक करून म्हणायची आणि ठरलेलं अक्षर आलं की हात दाबायला सांगायचं. दोनाहून जास्त चुका म्हणजे लक्ष नाही. इंग्रजी अक्षरं न येणाऱ्याला ती वापरू नका, आकडे घ्या. विचार सुसंगत आहेत का यासाठी साधे प्रश्न: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? खिळा ठोकायला हातोडी चालते का? मान हलवून हो-नाही चालतं. ओरडणारा पेशंट सगळ्यांच्या लक्षात येतो, पण डिलिरियमचे बरेच पेशंट शांत, छताकडे बघत पडलेले असतात आणि चार्टवर "कम्फर्टेबल" लिहिलं जातं. हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाने डिलिरियमचे दिवस कमी होत नाहीत हे २०१८ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याइतका उसळला तर थोड्या काळापुरतं द्या, ईसीजीतला क्यूटी बघून.

त्यापेक्षा घरचं माणूस आत घ्या. दिवसातून दोनदा दहा मिनिटं भेटीची पद्धत पेशंटच्या फायद्याची नाही. मुलगी हात धरून बसली की कित्येक पेशंटना मिडाझ लागत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. पहाटे चारचं स्पंजिंग सहाला न्या, रक्त त्याच वेळी घ्या, रात्री दिवे मंद करा, शक्य असेल त्या पेशंटला दिवसा खुर्चीत बसवा. पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत "दुखतंय, तहान, लघवी, संडास, श्वास, घरचे" लिहून बोट दाखवायला सांगा. हात बांधावेच लागले तर बोटांचे रक्ताभिसरण दर दोन तासांनी बघा, सोडायची वेळ लिहा आणि नातेवाइकांना आधी सांगा. बांधलेले हात अचानक दिसले की त्यांना जो धक्का बसतो तो नंतर कितीही समजावलं तरी जात नाही. बांधणं हेच कित्येकदा बेचैनीचं कारण असतं, तेव्हा कोणी जवळ बसू शकत असेल त्या वेळात सोडाच.

आठवडाभर किंवा जास्त इन्फ्युजन चाललं असेल तर एकदम बंद करू नका. रोज साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी करा. नाहीतर नाडी, घाम, ताप, जांभया, जुलाब सुरू होतात, नवं इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक बदललं जातं आणि खरं कारण बाजूलाच राहतं. आणि रात्रीच्या बेचैनीसाठी सुरू केलेलं क्वेटियापिन वॉर्डात जाताना ट्रान्सफर नोटमध्ये कारणासह लिहा, कधी बंद करायचं तेही लिहा. घरी गेल्यावर तीन महिन्यांनी फॉलोअपला येणारे पेशंट ती गोळी अजून घेत असतात, दिवसभर सुस्त असतात, आणि डिस्चार्ज कार्डावर होती म्हणून कोणी बंद केलेली नसते.